पूजेसाठी राहिलेली चार भोकं

“बाई, ह्यो उभा न्हाई ऱ्हायाचा.”

मुकादमांनी हे सांगितलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शिक्षणसंस्थेच्या पहिल्या मजल्यावर, हातात पाना घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसले होते. पूजा साडेअकराला होती. रात्री झोप झाली नव्हती, पोटात नुसता चहा होता, आणि त्यात एक हमाल मला माझंच काम शिकवायला निघालेला. माझा स्वभाव मुळातच तापट. मी वरसुद्धा पाहिलं नाही.

“मुकादम, रॅक वर आणून दिलात ना? तुमचं काम झालं. खाली जाऊन चहा घ्या.”

ते बाजूला झाले. खाली मात्र गेले नाहीत.

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची. मी साताऱ्यातल्या एका लहान कंपनीत हार्डवेअर इंजिनिअर होते. डिप्लोमा झालेल्या मुली तेव्हा कॉम्प्युटर शिकवायच्या क्लासात नोकरी धरत. पाना-पक्कड घेऊन एसटीनं गावोगाव फिरणारी आमच्याकडे मी एकटीच. तोवर प्रत्येक साइटवर कोणी ना कोणी सीनियर बरोबर असायचा. ही पहिली साइट, जिथं मला एकटीला पाठवलं होतं. निघताना साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, “मिरजेत क्लायंटशी भांडून आलीस, ते मी विसरलेलो नाही. इथं तोंड बंद ठेवायचं. नीट करून आलीस तर पुढच्या साइट तुझ्या. नाहीतर ऑफिसात बसून फोन घ्यायचे.”

फोन घ्यायचे! त्यापेक्षा मी नोकरी सोडली असती. म्हणून तोंड बंद ठेवायचं असं मनाशी घट्ट ठरवून आले होते. आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवलं, आणि तेही नको तिथं.

आता रॅक म्हणजे काय ते सांगते. पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. त्याला फळ्या नसतात. चार कोपऱ्यांना चार उभे खांब आणि खांबांना वरपासून खालपर्यंत भोकं. सर्व्हर, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांचा मुख्य कॉम्प्युटर, या खांबांना जोडलेल्या रुळांवर बसतो. टेबलाच्या खणासारखा तो पुढं ओढता येतो, म्हणजे दुरुस्तीला सोपं. त्या काळचा सर्व्हर पन्नास किलोचा. त्याच्या जोडीचा डिस्कचा डबा त्याहून थोडा जड.

हे कपाट भरायची रीत ठरलेली असते. आधी रॅकचे पाय फरशीत बोल्टनं आवळायचे. त्यासाठी चार भोकं पाडायची. मग सगळ्यात जड ते तळाला, हलकं ते वर. तळाला पुढच्या बाजूनं दोन लोखंडी पाय बाहेर काढायचे, म्हणजे खण ओढला तरी कपाट तोंडावर येत नाही. आणि एका वेळी एकच खण ओढायचा. एवढंच. यात काही मोठं शास्त्र नाही. मला ते तोंडपाठ होतं.

पण झालं असं, की वीज गेली तर लागणाऱ्या, तळाला बसायच्या बॅटऱ्या आणि पुढचे पाय ज्या ट्रकमध्ये होते तो ट्रक खंबाटकीच्या घाटात बंद पडला. आणि इकडे मुहूर्त ठरलेला.

संस्थेचे सेक्रेटरी नाना. माणूस उमदा, पण कामाच्या बाबतीत हेकेखोर. नवी इमारत त्यांनी दिवसरात्र उभं राहून बांधून घेतली होती. मी ड्रिल मशीन पिशवीतून काढलं तसे ते धावतच आले.

“ओ मॅडम, काय करताय?”

“भोकं पाडतेय. चारच. बोल्ट घालायला.”

“ह्या फरशीला? अहो, पूजा व्हायचीय अजून! वास्तूत पहिलं काम काय, तर जमिनीला भोक? दुपारनंतर पाडा की. चार न्हाई, चाळीस पाडा.”

“नाना, बोल्टशिवाय यात सामान भरायचं नसतं.”

“मग पूजा कशाची करायची? रिकाम्या कपाटाची?”

मी ड्रिल पुन्हा पिशवीत ठेवलं. मग सर्व्हर कुठं बसवायचा यावर गाडी आली. मी म्हटलं, खाली, तळाशी. नाना माझ्याकडे बघतच राहिले.

“मॅडम, ही शिक्षणसंस्था हाय. हा सर्व्हर म्हणजे आमची सरस्वती. सरस्वतीला पायाशी बसवू होय? शंभर माणसं येणार. वर घ्या. चांगली डोक्याच्या उंचीला. हार घातलेला दिसला पाहिजे.”

त्यात खोटं काही नव्हतं, हेच माझं दुखणं. त्यांची श्रद्धा खरी होती. पहिलीच्या वर्गात पाटीवर सरस्वती काढून शिकलेली आपण माणसं. पुस्तकाला पाय लागला तर मीसुद्धा हात लावून कपाळाला लावते. मला नाही म्हणता येईना. साहेबांचा आवाज कानात होताच. तास-दोन तासांचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावलं. हमालांकडून सर्व्हर वर चढवून घेतला, त्याच्याखाली डिस्कचा डबा. तळ रिकामा. वायरिंगसाठी दोन्ही बाजूंचे पत्रे आणि दारं काढून ठेवलेली, म्हणजे कपाटाचा नुसता सांगाडा. सगळं वजन डोक्यावर, आणि पायाला बोल्ट नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. साताऱ्याला पाठवायचा एक छापील फॉर्म असायचा. त्यात ‘अँकरिंग’ असा रकाना होता, म्हणजे बोल्ट आवळले का. नंतर घाईत राहून जाईल म्हणून मी तिथं आधीच ‘हो’ लिहून टाकलं. सहीसकट.

अशा वेळी मुकादम ते वाक्य बोलले होते.

मुकादम म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातल्या टोळीचे मुकादम. पन्नाशीचा माणूस, अंगानं किरकोळ, आवाज हळू. नानांनी त्यांना आणि त्यांच्या तिघा गड्यांना रॅक वर चढवायला बोलावलं होतं. जिना अरुंद, मधे वळण. मी टेप घेऊन मोजत बसले होते. मुकादमांनी एकदा कपाटाला वीतभर हात लावला, एकदा जिन्याच्या भिंतीला लावला आणि म्हणाले, “बसतंय. पर निजवून न्हाई, उभंच न्यायाचं.” मला वाटलं, आता नवा रंग खरवडला जाणार. तिघांनी कमरेला पट्टा घेतला, मुकादम मागं चालले. “हं... रं... हं” एवढाच आवाज. वळणावर कपाट हवेत फिरलं आणि दोन्हीकडच्या भिंतींना बोटभर जागा सोडून वर आलं. एक ओरखडा नाही. अगं बाई, मी तोंडात बोट घातलं. तरी त्याच माणसाला तासाभरानं मी चहा प्यायला हाकललं, यावरून माझी तेव्हाची अक्कल ओळखा.

साडेअकराला खोली भरली. झेंडूचे हार, उदबत्त्या, अत्तर. रॅकच्या समोर चौरंग, त्यावर कलश. चौरंगाला लागूनच खुर्चीवर आक्का बसल्या. आक्का म्हणजे संस्थेच्या पहिल्या शिक्षिका. गोठ्यात भरलेल्या पहिल्या शाळेपासूनच्या. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले. खुर्चीतून उठायचं तर दोघांनी धरावं लागायचं. पूजा त्यांच्याच हातून व्हायची, हा नानांचा हट्ट, आणि तो मला मनापासून आवडला होता. खोलीतल्या निम्म्या पांढऱ्या केसांच्या माणसांना त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवलेलं.

मी एका बाजूला उभी. रॅकच्या मागं दोन हातांवर खिडकी, तिला गज, पलीकडं गॅलरी. खिडकीशी मुकादम उभे दिसले. म्हटलं, असू दे, बघताहेत बिचारे पूजा.

पूजा झाली. आक्कांनी बसल्या जागेवरून अक्षता वाहिल्या. मग फोटोग्राफर म्हणाला, “नाना, मशीन आत दिसतंय. अंधार येतोय.”

“मॅडम, ते पुढं येतं ना? जरा ओढा की.”

“नाना, नको. आत्ता नको.”

“अहो, एक फोटो! आक्कांच्या हाताला तरी आलं पाहिजे. कुंकू कुठं लावायचं त्यांनी?”

मी “थांबा” म्हणेपर्यंत नानांनी स्वतःच सर्व्हर ओढला. तो रुळांवरून सुळकन बाहेर आला, आक्कांच्या डोक्यावर. मी धावले. तोवर नानांच्या पुतण्यानं, शोभा वाढावी म्हणून, खालचा डिस्कचा डबाही ओढला. आणि नानांनी फोटोसाठी ऐटीत सर्व्हरवर हात टेकला.

रॅकचे मागचे पाय फरशीवरून उचलले गेले.

आवाज काही झाला नाही. हे मला अजून आठवतं आणि अजून अंगावर काटा येतो. मोठं काही पडताना आधी आवाज येत असेल असं वाटतं. तसं काही नाही. कपाट शांतपणे पुढं झुकायला लागलं. खाली आक्का. हातात कुंकवाचा करंडा, मान वर, आणि उठता येत नाही. मी दोन्ही हात लावले, पण ते वजन माझ्या मनगटाचं नव्हतं. मनात एकच आलं, मी मारलं ह्यांना.

आणि कपाट थांबलं.

वीतभर झुकून तिथंच थांबलं. वर सर्व्हरवरचा हार लोंबकळत होता.  मला कळेना की हे थांबलं कशानं. मग नजर वर गेली. रॅकच्या मागच्या वरच्या आडव्या पट्टीला, हारांच्या गडबडीत कधीतरी, सोल बांधलेला होता, सोल म्हणजे पोती बांधायचा जाड दोरखंड. तो ताठ होऊन खिडकीकडं गेला होता, गजाला एक वेढा घेऊन बाहेर. बाहेर मुकादम. सोलाचं टोक त्यांच्या दोन्ही मुठीत, एक पाय भिंतीला लावलेला.

म्हणजे हा माणूस पूजा बघत नव्हता. तासभर दोर धरून उभा होता. कोणी सांगितलं नव्हतं. उलट मी हाकललं होतं.

“कुनी हात लावू नका,” ते गजाआडून म्हणाले. आवाज जिन्यात होता तेवढाच हळू. “बाई, तुमी बी सोडा. माज्याकडं हाय वजन. आदी आक्कांना घ्या.”

नाना आणि पुतण्यानं आक्कांना खुर्चीसकट उचलून मागं नेलं.

“आता वरचा खन आत सारा. दमानं. मग खालचा. एकदम न्हाई.”

मी सर्व्हर आत सारला.  मग डबा. एकेक खण आत गेला तसतसा मुकादमांनी सोल बोटाबोटानं खेचून घेतला. त्यांचे गडी आत आले आणि कपाटाच्या दोन्ही अंगांना नुसते हात लावून उभे राहिले. मागचे पाय फरशीला टेकले तेव्हा ‘टक’ एवढाच आवाज झाला. कलशातलं पाणीसुद्धा हललं नाही. मी इतकी वर्षं मोठमोठी यंत्रं पाहिली, क्रेन पाहिल्या, पण वजनावर असा ताबा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. आजही नवल वाटतं.

मी गॅलरीत गेले. मुकादमांच्या तळव्यांवर सोलाचे लालभडक वळ उठले होते.  मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“त्यात काय कळायचं? सकाळी हात लावला तर तळ पोकळ आन माथा जड. हळदीची थप्पी आमी तशी लावली तर दुसऱ्या दिशी गोदामात मानूस ऱ्हायचं न्हाई. खाली भरल्यालं पोतं, वर उनं. आमच्यातलं बारकं पोरगं बी सांगंल.” मग जरा थांबून म्हणाले, “तुमास्नी बी ठावं हुतं की, बाई. मी सांगितलं तवा तुमी वर बघितलं न्हाई. ज्याला ठावं नसतं त्यो वर बघतो.”

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

आत आक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. करंडा अजून हातातच. सगळे त्यांना पाणी देत होते, वारा घालत होते. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि माझ्याकडे बोट केलं.

“पोरी, हे असं पडतं हे तुला माहीत होतं?”

“हो, आक्का.”

“मग सांगितलं का नाहीस?”

नाना मधे पडले, “आक्का, त्यांनी सांगितलं होतं, मीच...”

“तू गप रे. मी हिला विचारतेय.”

“हळू सांगितलं, आक्का,” मी म्हटलं. “जोरात सांगायला हवं होतं.”

“मग आता सांग जोरात. काय करायचं ते.”

मी सांगितलं. पाहुण्यांना अर्धा तास खाली बसवा. रॅक पूर्ण रिकामा करायचा. फरशीला चार भोकं पाडायची. नानांनी स्वतः ड्रिलची वायर सॉकेटपर्यंत नेली. त्या चकचकीत फरशीतून पांढरा भुगा उडाला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. बोल्ट आवळले. मग मुकादमांची टोळी आणि मी मिळून कपाट पुन्हा भरलं, तळापासून. डिस्कचा डबा खाली, त्याच्यावर सर्व्हर. बॅटऱ्यांची जागा अगदी तळाला राखून ठेवली. मी रुळांचे नंबर सांगत होते, ते डबे धरत होते. थप्पी लावावी तसे, कोपऱ्याला कोपरा, पहिल्या ठोक्याला भोकात भोक. मला एकदाही ‘जरा सरका’ म्हणावं लागलं नाही.

सरस्वती आता गुडघ्याच्या उंचीला आली होती. आक्कांची खुर्ची जवळ सरकवली. त्यांचा हात आरामात पोचला. कुंकू लावून झाल्यावर त्यांनी करंडा मुकादमांपुढं धरला.

“आधी तुम्ही लावायला हवं होतं. या.”

मुकादमांनी हात मागं घेतले. उद्धटपणे नाही, अगदी अदबीनं. “आक्का, आमी बौद्ध. आमच्यात पूजा न्हाई. तुमी समदी पाया पडत हुता तवा मी वजन बघत हुतो, येवढंच.”

 आक्कांनी करंडा चौरंगावर ठेवला आणि त्यांचे ते वळ उठलेले हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, शाळेत नखं तपासायच्या तसे. मग नानांना म्हणाल्या, “खोबरेल आण. आणि पुढच्या फोटोत हे माझ्या शेजारी.” तो फोटो निघाला. मुकादम त्यात भलतीकडेच बघताहेत.

दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या आल्या, सर्व्हर सुरू झाला, आणि मी एसटीनं साताऱ्याला परतले. फॉर्ममधल्या ‘हो’वर काट मारून खाली सगळं खरं खरं लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“ही खाडाखोड कसली?”

“आधी खोटं लिहिलं होतं, सर.”

“आणि हे सगळं मला सांगायची गरज होती? पडलं तर नाही ना?”

“पडलं असतं तर खाली बसलेलं माणूस उरलं नसतं.”

ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. फोन घ्यायला बसवलं नाही, हे खरं. पण एकटीलाही सोडलं नाही. पुढची साइट कवठे महांकाळला होती, आणि माझ्याबरोबर पुन्हा एक सीनियर दिला. मला ते लागलं, पण चूक माझी होती.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी रॅक उभे केले. नवीन पोरापोरींना शिकवताना सांगते, बोल्ट, जड ते खाली, पाय बाहेर, एका वेळी एक खण. पाच मिनिटांत पाठ होतं. अवघड असतं ते हे सगळं क्लायंटच्या तोंडावर, वेळेवर आणि मोठ्यानं म्हणणं. ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

कवठे महांकाळला पोचलो तर तिथलेही साहेब म्हणाले, “आत्ताच फरशी कशाला फोडता? रॅक भरून घ्या, बोल्टचं निवांत बघू.” बरोबरचा सीनियरही मान डोलवायला लागला. मी ड्रिलचा प्लग सॉकेटमध्ये घातला आणि बटण दाबलं. ते दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. चार भोकं होईपर्यंत मला एक शब्द ऐकू आला नाही.